बिनतारी सेतूवरील बांधबंदिस्ती

वडनेर भोलजीसारख्या हमरस्त्यावरील गांवांतून बिनतारी सेतूची सोय आतां केवळ धनिकांची राहिलेली नाहीं. गांवठाणांतील घराच्या किंवा गोदामाच्या छपरावर एक लहान तबकडी बसवावी, मैल-सव्वा मैलावरील मळ्यांत विहिरीजवळच्या खांबावर तिच्या समोरासमोर दुसरी बसवावी, कीं मध्यें तार न ओढतां दोन्ही ठिकाणें एका जाळ्यांत येतात. मळ्यांतील कॅमेरा घरीं बसून पाहतां येतो व पंपाचा नियंत्रक घरूनच चालवितां येतो. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१८ मध्यें ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहरी, ठरलेल्या शक्तिमर्यादेंत, उघड्यावर वापरण्यास परवान्याची अट काढून टाकली. तेव्हांपासून हें काम कायद्याच्या दृष्टीनेंही सुलभ झालें. पालघर जिल्ह्यांत मुंबईच्या आयआयटीच्या ग्राममार्ग प्रकल्पानें खेडीं बिनतारी मार्गानें जोडून दाखविलीं, व २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें.

तबकड्या कशा रोखाव्या याविषयीं आम्ही फार लिहीत नाहीं. नुसती दृष्टिरेषा मोकळी असून भागत नाहीं. दोन किलोमीटरच्या अंतरावर मधोमध त्या रेषेभोंवतीं तीन मीटर तरी जागा निंबाच्या फांद्यांपासून मोकळी असावी, एवढें ध्यानांत ठेवावें. हें काम बसविणारा कारागीर सहसा नीट करितो. जें तो सहसा करीत नाहीं, तोच या लेखाचा विषय होय.

सेतू बसतांच दोन्ही ठिकाणें एक होतात, हा त्याचा गुण आहे आणि दोषही तोच आहे. घरच्या संगणकांत हिशेब, बँकेचे व्यवहार, सातबाऱ्याच्या व आधारपत्रांच्या प्रती असतात. सहकारी मंडळाचें दप्तर असेल तर शेंकडों सभासदांची माहिती तेथें असते. मळ्यांतील खांब मात्र रात्रंदिवस उघड्यावर उभा. त्यावरील पेटींतून कॅमेऱ्याची तार काढून कोणीं तीच आपल्या संगणकास लावली, तर तो मनुष्य मळ्यांत उभा राहूनही वस्तुतः तुमच्या दप्तरखान्यांत येऊन बसला असें समजावें. त्यास छपरावर चढावयास नको, कीं वायफायचा पासवर्डही नको. बिनतारी मार्गास डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ चें कुलूप असतें खरें. परंतु तें हवेंतील वाटेचें कुलूप आहे, टोंकाच्या तारेचें नव्हे.

चोर मळ्यांतच यावा लागतो असेंही नाहीं. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातक प्रणालीनें जगभरचे असंख्य कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यांत घेतले. तिची युक्ति अगदीं साधी होती. कारखान्यांतून येतांना यंत्रांस जीं ठराविक नांवें व पासवर्ड असतात, त्यांच्या साठाहून अधिक जोड्या तिनें एकामागून एक लावून पाहिल्या. ज्यांनीं ते बदलले नव्हते, त्यांचीं यंत्रें पडलीं. त्याच यंत्रांच्या फौजेनें ऑक्टोबरांत डिन नामक अमेरिकन कंपनीवर हल्ला होऊन अनेक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. तेव्हां पहिलें काम हें कीं, प्रत्येक यंत्राचा पासवर्ड बदलावा, आणि तो बसविणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या वहींत असावा. कारागीर पासवर्ड आपल्याच खिशांत घेऊन जातात, ही तक्रार आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकिली आहे. पैसे चुकते करण्यापूर्वींच तो मागून घ्यावा.

आतां मुख्य उपाय. एका सर्व्हे नंबरांत चार भाऊ असले म्हणजे जमीन उचलून दुसरीकडे न्यावी लागत नाहीं. पोटहिस्से पाडितात, बांध घालितात व प्रत्येकाचा उतारा वेगळा होतो. जाळ्यांतही हेंच करितां येतें. त्या पोटहिस्स्यास ‘व्हीलॅन’ म्हणतात, आणि त्याची सर्वमान्य पद्धति १९९८ पासून ठरलेली आहे. तींत माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर चार बाइटांची चिठ्ठी चिकटवितात व तींत पोटहिस्स्याचा क्रमांक असतो. १ पासून ४०९४ पर्यंत कोणताही क्रमांक चालतो. उदाहरणार्थ दप्तरास १०, कॅमेऱ्यांस २०, पंपाच्या नियंत्रकास ३०, पाहुण्यांच्या मोबाइलांस ४० आणि खुद्द सेतूच्या व स्विचच्या व्यवस्थेस ९९ द्यावा. तबकडी एकच, लहरही एकच. पण २० ची चिठ्ठी असलेलें पुडकें १० च्या हिस्स्यांत उतरत नाहीं.

याकरितां दोन्ही टोंकांस व्हीलॅन समजणारा स्विच लागतो. साधा स्विच येथें निरुपयोगी होय. कॅमेऱ्याची तार ज्या भोंकांत जाते त्यास ‘ॲक्सेस’ ठरवून २० क्रमांक द्यावा. कॅमेऱ्यास चिठ्ठीचें ज्ञान नसतें, ती स्विचच लावितो व काढितो. तबकडीकडे जाणारें भोंक मात्र ‘ट्रंक’ ठेवावें, म्हणजे सर्व हिस्स्यांचीं पुडकीं चिठ्ठीसह जातील. बिनचिठ्ठीचीं पुडकीं ज्या हिस्स्यांत पडतात तो हिस्सा रिकामाच ठेवावा. तबकड्यांवर ‘ब्रिज’ किंवा ‘डब्ल्यूडीएस’ पद्धत निवडावी. साध्या वायफाय जोडणींत पलीकडील प्रत्येक यंत्राची ओळख अलीकडे पोहोंचत नाहीं. चिठ्ठीमुळें पुडकें १५१८ बाइटांवरून १५२२ पर्यंत वाढूं शकतें, आणि कांहीं हलकीं यंत्रें तें टाकून देतात. लहान संदेश जातात पण कॅमेऱ्याचें चित्र अडखळतें, असें दिसल्यास प्रथम हा संशय घ्यावा.

हिस्से पाडले म्हणजे वहिवाटीचा प्रश्न येतोच. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खालीं तहसीलदार बांधावरून रस्ता देतात, तो अमुक शेतास जाण्यापुरता देतात. त्यानें सगळें रान मोकळें होत नाहीं. राउटरांतील नियमही तसेच लिहावे. दप्तरांतून कॅमेऱ्याकडे जाऊं द्यावें. कॅमेऱ्यानें आपण होऊन दप्तराकडे येऊं नये, मात्र विचारलेल्याचें उत्तर देण्यास मुभा असावी. कॅमेऱ्यास इंटरनेट बंद; घड्याळ जुळविण्यापुरती वाट हवी असल्यास तेवढीच उघडावी. पंपाच्या नियंत्रकाकडे मालकाच्या ठरलेल्या एक-दोन यंत्रांवांचून कोणासही वाट नको. विहिरींत पाणी नसतां कोणीं मोटार चालू केली, तर नुकसान पासवर्डाचें नव्हे, मोटारीचें होतें. पाहुण्यांस इंटरनेट मिळावें, घरांतील दुसरें कांहीं दिसूं नये. ९९ क्रमांकाच्या हिस्स्यांत फक्त व्यवस्थापकाचा संगणक असावा.

हे नियम राउटर वरून खालीं वाचतो, आणि जो प्रथम लागू पडेल त्यावर थांबतो. म्हणून विशेष परवानग्या वर आणि ‘बाकी सर्वांस मनाई’ ही ओळ सर्वांत खालीं. ती वर गेल्यास सारेंच बंद पडतें. मुळींच न लिहिल्यास पुष्कळ राउटरांत हिस्से पाडूनही सर्वांना सर्वत्र वाट राहते. आमच्या मतें ही दुसरी चूक अधिक घातक, कारण तींत कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं.

यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरून प्रवेश देण्याची सोय कित्येक ठिकाणीं असते. ती वापरावी, परंतु तीवर भिस्त ठेवूं नये. तो पत्ता दुसऱ्या यंत्रावर सहज उतरवितां येतो. वायफायचें नांव लपविणें हा तर उपायच नव्हे. पेटीस लोखंडी कुलूप लावणें यापेक्षां पुष्कळ उपयोगी.

काम करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. मळ्याकडील टोंक आधीं बदलावें व घरचें नंतर. घरचें आधीं बदलल्यास मळ्याकडील तबकडी हातची जाते, आणि मग शिडी घेऊन काळ्या रानांतून खांबापर्यंत जाणें आलें. पावसाळ्यांत तें किती सुखाचें आहे हें वाचकांस सांगावयास नको. कांहीं यंत्रांत अशी सोय असते कीं, बदल केल्यावर ठराविक वेळांत पुष्टि न दिल्यास जुनी मांडणी आपोआप परत येते. ती असल्यास अवश्य चालू करावी. प्रत्येक बदलापूर्वीं चालू मांडणीची प्रत उतरवून घ्यावी, व क्रमांक, पत्ते आणि नियम कागदावर लिहून ठेवावे.

काम संपल्यावर कारागिरासमक्ष परीक्षा घ्यावी. मळ्यांतील पेटीपाशीं जाऊन कॅमेऱ्याची तार काढावी, ती लॅपटॉपास लावावी, त्यास कॅमेऱ्याच्याच हिस्स्यांतील पत्ता द्यावा, आणि दप्तरांतील संगणकास, राउटरच्या व्यवस्थेच्या पानास व पंपाच्या नियंत्रकास एकेक करून हांक मारावी. तिहींपैकीं एकानेंही उत्तर दिल्यास नियमांची यादी पुन्हा वरून वाचावी. नंतर तार परत कॅमेऱ्यास लावून घरीं चित्र येतें कीं नाहीं तें पाहावें, आणि पेटीस कुलूप घालावें.