यादी कौन्सिलची, किल्ली संस्थेची

ब्रिटनमध्ये स्वस्त भाड्याच्या सरकारी घरांना अजूनही सर्रास 'कौन्सिलचे घर' असेच म्हटले जाते. प्रत्यक्षात इंग्लंडमधील सुमारे ४० लाख सामाजिक घरांपैकी निम्म्याहून अधिक घरे आता कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगर परिषदेच्या, मालकीची राहिलेली नाहीत. ती हाउसिंग असोसिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र, ना-नफा संस्थांकडे आहेत. बेघर कुटुंबांना आसरा देण्याचे कायदेशीर उत्तरदायित्व मात्र कौन्सिलवरच आहे. घर एकाचे आणि जबाबदारी दुसऱ्याची, अशा स्थितीत रिकाम्या झालेल्या घराची किल्ली कोणाच्या हाती पडते, हा प्रतीक्षा यादीतील सुमारे १३ लाख कुटुंबांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

या संस्था आपल्याकडील सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसारख्या नव्हेत. येथे रहिवासी सभासद-मालक नसतो; तो भाडेकरू असतो आणि संस्था त्याची घरमालक. म्हाडाच्या सोडतीशीही साम्य थोडेच. म्हाडा उत्पन्न गट आणि आरक्षण पाहून संगणकीय सोडत काढते व घर विकते. इंग्लंडमध्ये नशिबाला वाव नाही, असे निदान कायदा तरी म्हणतो. तेथे निकष आहे तो गरजेचा.

ही विभागणी दोन टप्प्यांत घडली. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपले घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि तेव्हापासून इंग्लंडमधील सुमारे २० लाख घरे या मार्गाने विकली गेली. पुढे कौन्सिलांनी उरलेली घरे एकगठ्ठा संस्थांकडे सोपविण्यास आरंभ केला. १९८८ मध्ये चिल्टर्न या जिल्हा कौन्सिलने असे पहिले हस्तांतरण केले. काही कौन्सिलांकडे आज स्वतःचे एकही घर नाही. आहे ती केवळ यादी.

वाटपाचा पाया १९९६ चा गृहनिर्माण कायदा आहे. प्रत्येक कौन्सिलला वाटपाची योजना प्रसिद्ध करावी लागते आणि काही वर्गांना रास्त प्राधान्य द्यावेच लागते : बेघर, अस्वच्छ वा गर्दीच्या घरात राहणारे, आजारपण किंवा अपंगत्वामुळे घर बदलणे आवश्यक असलेले, आणि विशिष्ट भागात न राहिल्यास हालअपेष्टा सोसाव्या लागतील असे. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने यादीत कोणाला घ्यायचे हे ठरविण्याची मुभा कौन्सिलांना दिली. त्यानंतर अनेक ठिकाणी त्या भागात काही वर्षे वास्तव्य असण्याची अट आली.

अर्जदारांची गरजेनुसार श्रेणी लावली जाते. अनेक ठिकाणी कौन्सिल आणि संस्था मिळून एकच नोंदवही ठेवतात आणि रिकामी घरे संकेतस्थळावर जाहीर करतात. अर्जदाराने पसंतीच्या घरावर 'बोली' लावायची. या बोलीत पैशाचा संबंध नसतो. ती केवळ इच्छा नोंदविणे होय. वरची श्रेणी आणि त्याच श्रेणीत अधिक काळ थांबलेला अर्जदार पुढे सरकतो. नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरातून आलेली ही पद्धत २००० नंतर इंग्लंडभर पसरली. निवडीचा आनंद अर्थात घरे असतील तेथेच.

खरी मेख पुढे आहे. कौन्सिल आणि संस्था यांच्यात नामनिर्देशनाचा करार असतो. रिकाम्या होणाऱ्या घरांपैकी ठरावीक वाटा, बहुधा निम्मा किंवा त्याहून अधिक, कौन्सिलने सुचविलेल्या अर्जदारांना द्यायचा. कौन्सिलने जमीन किंवा पैसा दिला असेल तर नव्या घरांत हा वाटा अधिक असतो. कायदा मात्र संस्थेने 'परिस्थितीनुसार रास्त तेवढे' सहकार्य करावे, एवढेच सांगतो. सुचविलेल्या नावाची संस्था पुन्हा तपासणी करते. जुनी भाडेथकबाकी, शेजाऱ्यांना उपद्रव दिल्याचा इतिहास, किंवा भाडे परवडणार नाही असा हिशेब, यावरून नकार येऊ शकतो. सर्वांत गरजू म्हणून यादीत वर आलेले कुटुंब गरीब असल्याच्या कारणावरूनच बाहेर पडावे, हा या व्यवस्थेतील सर्वांत बोचरा विरोधाभास आहे.

संस्थेच्या निकषांची कसोटी २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात लागली. लंडनमधील हॅकनी कौन्सिलच्या यादीत वरचे प्राधान्य असलेल्या, चार मुलांच्या एका आईला मोठे घर हवे होते. अगुदास इस्राएल हाउसिंग असोसिएशनची तशी घरे रिकामी होती. परंतु ही धर्मादाय संस्था आपली घरे सनातनी ज्यू समाजालाच प्राधान्याने देत असे आणि कौन्सिलही तेथे त्याच समाजातील नावे सुचवीत असे. या समाजाची कुटुंबे मोठी, खासगी भाड्याच्या बाजारात त्यांना भेदभाव सोसावा लागतो, आणि हॅकनीतील एकूण सामाजिक घरांपैकी संस्थेची घरे जेमतेम एक टक्का आहेत, हे पाहून न्यायालयाने संस्थेचे धोरण वैध ठरविले. निकाल कायद्याला धरून होता, याविषयी फारसे दुमत नसावे. पण यादीतील क्रमांक हा घराचा हक्क नव्हे, हेही त्याने उघड केले.

नोकरी वा शिक्षणाच्या व्हिसावर गेलेल्या भारतीयांना सर्वसाधारणपणे या यादीत प्रवेशच नाही. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यानंतर बहुतेकांना अर्ज करता येतो.

अन्याय झाल्याचे वाटले तर कौन्सिलकडे फेरविचाराची मागणी करता येते. त्यानेही समाधान झाले नाही, तर कौन्सिलच्या वाटपाविषयीची तक्रार स्थानिक प्रशासनाच्या लोकपालाकडे जाते. संस्थेने दिलेल्या नकाराविषयी मात्र गृहनिर्माण लोकपालाचे दार ठोठवावे लागते. २०२४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये सव्वा लाखाच्या आसपास कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात होती.