मूल चिडते कशासाठी? चाळीस वर्षांचा मागोवा

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेले मूल वर्गात शेजारच्याला चावते, बाकावर डोके आपटते, वह्या फाडते, तेव्हा त्याला दाराबाहेर बसवायचे की घरी पाठवायचे, एवढाच प्रश्न आपल्या शाळांपुढे वर्षानुवर्षे होता. गेल्या चाळीस वर्षांत पुस्तकांनी आणि कायद्यांनी हा प्रश्न बदलला. मूल असे वागते त्याला कारण असते आणि ते त्याच्या स्वभावात नव्हे, भोवतीच्या प्रसंगात शोधायचे असते, हे आता नवे राहिलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपले गाडे ज्ञानावाचून अडलेले नाही. ते अडले आहे वर्गात रोज हजर असणाऱ्या जाणत्या माणसावाचून.

वारणा खोऱ्याचेच उदाहरण घ्या. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने माळरानावर साखर कारखाना उभा राहिला, १९६४ मध्ये महाविद्यालय आले, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले. १९९८ मध्ये सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रयोगही इथेच झाला. विशेष शिक्षणाची वाट मात्र शहरांतूनच गेली. मुंबईत जय वकील शाळा १९४४ ची, पुण्यातली कामायनी १९६४ ची. पुढे कोल्हापुरात चेतना अपंगमती विकास संस्थेसारखे काम उभे राहिले. वारणानगरहून कोल्हापूर तीसेक किलोमीटर. गर्दी आणि हॉर्नच्या आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला रोज एसटीने तिकडे न्यायचे, म्हणजे ज्या त्रासावर उपाय हवा तोच त्रास सकाळी त्याच्या पदरात घालायचा. त्यामुळे अशा मुलाची शाळा म्हणजे गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा, हे धरूनच विचार करावा लागतो.

ज्ञान उशिरा आले असेही नाही. अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये चार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काम अवघड झाले किंवा मोठ्यांचे लक्ष कमी झाले की ही मुले आक्रमक होत. मदत कशी मागायची, कौतुक कसे मिळवायचे, हे त्यांना शिकवल्यावर ते वागणे कमी झाले. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेतून १९९२ मध्ये रीता पेशावरिया आणि एस. व्यंकटेशन यांनी भारतीय मुलांसाठी मापनश्रेणी तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात त्रासदायक वर्तनाच्या ७५ बाबी दहा गटांत मांडल्या आहेत. तिच्यामुळे ‘फार त्रास देतो’ असा शेरा मारून सुटता येत नाही. नेमके काय करतो आणि किती वेळा, हे लिहावे लागते. समजा, गणिताचा तास सुरू झाला की एक मुलगा शेजारच्याला मारतो आणि गुरुजी त्याला बाहेर बसवतात. गुरुजींच्या लेखी ती शिक्षा झाली, मुलाच्या लेखी सुटका. उद्या तो पुन्हा मारणार, कारण आज मारून काम झाले. आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर त्याला काय मिळाले, या तीन रकान्यांची वही दोन आठवडे ठेवली तर हे दिसू लागते. गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचे लिटर आणि फॅट बिनचूक लिहिले जाते. तशी ही नोंद हवी, रोजची आणि जागच्या जागी.

कायद्यांनीही आपला वाटा उचलला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली. ही बंदी मला मनापासून मोलाची वाटते. पण छडी गेली, तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काही आले नाही. विशेष शिक्षक होते ते करारावरचे, अनेक शाळा फिरणारे. कधीतरी येणाऱ्या माणसाला मुलाने कालपरवा का मारले हे कळणार कसे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नियमित विशेष शिक्षकांचा आग्रह धरला आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या प्रत्येक समूह केंद्रामागे एक अशी ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल मोठे आहे, तरी अपुरे आहे. कारण एका केंद्रात बऱ्याच शाळा येतात.

एका मुलापायी बाकीच्या तीस-चाळीस जणांनी नुकसान का सोसावे, हा आक्षेप पालक घेतात आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. मार खाणाऱ्या मुलाचाही हक्क आहेच. मात्र बाहेर काढल्याने मारामारी वाढत असेल, तर त्या तीस-चाळीस जणांचेही रक्षण होत नाही. दुसरा आक्षेप लाडाचा: हट्ट पुरवला की मूल डोक्यावर बसते. इथे हट्ट पुरवायचाच नाही. मारल्यावर सुटका देऊ नये. हात वर करून किंवा चित्राचे कार्ड दाखवून विश्रांती मागितली तर ती लगेच द्यावी आणि मग हळूहळू कामाचा वेळ वाढवावा. यात शिस्त छडीपेक्षा कमी लागत नाही, उलट शिक्षकालाच जास्त पाळावी लागते. म्हणून केंद्रावरच्या नव्या विशेष शिक्षकाने एकेका मुलाला तासभर वेगळे बसवून परत जाऊ नये. त्याने आपला पहिला वेळ वर्गशिक्षकाला ती तीन रकान्यांची वही भरायला आणि वाचायला शिकवण्यात घालवावा, आणि त्याच्या कामाची तपासणी भेटींच्या संख्येवरून न करता त्या वह्यांवरून व्हावी.