दिग्दर्शक एक, नावं तीन

काम मिळावं म्हणून नाव बदलणारे हॉलिवूडमध्ये पुष्कळ झाले. सॅम न्यूफिल्डनं नावं बदलली ती काम फार झालं म्हणून!

1940च्या दशकात पीआरसी नावाच्या कडक्या कंपनीसाठी तो काउबॉयपट काढायचा. निर्माता बहुतेकदा थोरला भाऊ सिगमंड, म्हणजे घरचंच कार्य. सॅमचा उरक इतका, की जिकडेतिकडे एकाच माणसाचं नाव दिसणं कंपनीलाच प्रशस्त वाटेना. मग कधी ‘पीटर स्टुअर्ट’, कधी ‘शेरमन स्कॉट’. सुरुवातीचे दोन रिळांचे विनोदी लघुपट धरून त्याचा एकूण आकडा अडीचशेच्या वर जातो. हिचकॉकनं अख्ख्या हयातीत पन्नासेक चित्रपट केले.

खरी गंमत दिवसाच्या हिशेबात आहे. तासाभराचा सिनेमा सहा दिवसांत संपवायचा, तर रोज दहा मिनिटांचा पक्का माल हातात पडायला हवा. ‘गॉन विथ द विंड’ जवळपास चार तासांचा. 1939 मध्ये त्याचं चित्रीकरण पाचेक महिने चाललं. म्हणजे दिवसाला जेमतेम दोन मिनिटं, आणि तीही दिग्दर्शक बदलत बदलत.

मग हे जमायचं कसं? घोडदौडीनं. पळणाऱ्या घोड्यावर कुणी संवाद म्हणत नाही, त्यामुळे माइकची भानगड नाही. टापांचा आवाज मागाहून भरायचा. तेच खडक, तीच वाट. घोडे आधी डावीकडून सोडायचे, मग उजवीकडून. नायक बस्टर क्रॅब, 1932च्या ऑलिंपिकमधला जलतरणातला सुवर्णविजेता. त्याच्या जोडीला फझी सेंट जॉन हा दाढीवाला विदूषक. फझी तोल सांभाळत धडपडायला लागला की दोन-तीन मिनिटं फुकटात निघायची. खरं तर आज हे सिनेमे बघवतात ते त्याच्यामुळेच. कथा एकातून काढून दुसऱ्यात घातली तरी कळणार नाही.

याच सॅमनं 1938 मध्ये ‘द टेरर ऑफ टायनी टाउन’ काढला. सगळे कलाकार बुटके, बसायला शेटलंड तट्टू, वर गाणी! औचित्याचा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नसावा.

पीआरसी 1947 मध्ये गुंडाळली गेली. सॅम थांबला नाही. टीव्ही आला तसा तो कॅनडात जाऊन ‘हॉकआय अँड द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ या 1957च्या मालिकेच्या दिग्दर्शनाला लागला. भाग होते 39.