द्वेष्ट्याचेही वाक्स्वातंत्र्य

विचारस्वातंत्र्य हवे की नको, असा प्रश्न केला तर या मंडपातील एकही हात 'नको' म्हणून वर होणार नाही. पण त्याच प्रश्नाला थोडे वळण देऊन, 'ज्याच्या तोंडून तुमच्या जातीविषयी, धर्माविषयी किंवा तुम्हांला वंद्य असलेल्या पुरुषाविषयी केवळ विषच बाहेर पडते, त्यालाही बोलू द्यावे काय?' असे विचारले, म्हणजे हात अडखळू लागतात. यात लाजण्यासारखे काही नाही. मनुष्यस्वभावच तसा आहे. परंतु विचारस्वातंत्र्याचा खरा प्रश्न हा दुसराच होय. जे भाषण सर्वांना गोड लागते त्याला कायद्याच्या संरक्षणाची गरज कधीच पडत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो श्रोत्यांना त्यांचीच मते पुन्हा ऐकवण्यासाठी खास नव्हे. म्हणून हा अवघड प्रश्न अशाच व्यासपीठावर मांडणे योग्य.

आणि तो भंडारा जिल्ह्यात हलकेपणाने मांडता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यातील खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. द्वेष हा नुसता शब्द नसतो, त्याला हातपाय फुटतात, हे या जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. तेव्हा 'बोलेना का बापडा, बोलण्याने काय होते?' असे म्हणून मी हा प्रश्न सोडवणार नाही. बोलण्याने पुष्कळ होते. म्हणूनच कोणते बोलणे कायद्याने थांबवावे आणि कोणते आपण उत्तर देऊन परतवावे, याचा विवेक हवा.

प्रथम आपल्याच राज्यातील एक खटला पाहू. गांधीजींच्या खुनाच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे १९६४ साली सुटून आले आणि १९६७ साली त्यांचे 'गांधीहत्या आणि मी' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. खुनाच्या कटात सामील असलेला मनुष्य त्याच खुनाची कैफियत मांडतो, याहून राष्ट्राच्या मनाला झोंबणारे दुसरे काय असणार? त्याच वर्षी दिल्ली प्रशासनाने पुस्तक सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. कारण दिले ते हिंदू आणि मुसलमान यांच्यात वैर वाढवण्याचे, म्हणजे दंडविधानाच्या १५३-अ कलमाचे. गोडशांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे सुनावणी झाली. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. ऑगस्ट १९६९ मध्ये निकाल लागला आणि जप्तीचा हुकूम रद्द झाला.

या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. न्यायालयाने गोडशांचे म्हणणे खरे मानले नाही. खुनाचे समर्थन तर मुळीच केले नाही. न्यायालयापुढे प्रश्न इतकाच होता, की हे पुस्तक कायद्यात सांगितल्याप्रमाणे दोन समाजांत वैर पसरवते काय? त्यासाठी पीठाने सगळे पुस्तक वाचले. चार ओळी इथल्या, सहा ओळी तिथल्या अशा वेचून काढून लेखकाला दोषी ठरवता येत नाही; पुस्तक समग्र वाचावे लागते. आणि ज्याचा मजकूर आपल्याला किळसवाणा वाटतो त्याच्या बाबतीतही ही मोजपट्टी बदलता येत नाही. सज्जनासाठी एक गज आणि दुर्जनासाठी दुसरा, असे ठेवले तर तो गज गज राहत नाही. तो मोजणाऱ्याची मर्जी होतो.

पुढे काय झाले? पुस्तक बाजारात आले. त्याला आज पन्नासाहून अधिक वर्षे झाली. १९९८ साली 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाचे प्रयोग सरकारने थांबवले. २००१ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदीही उठवली. पण या काळात आणखी एक गोष्ट घडली. इतिहासकार य. दि. फडके यांनी 'नथुरामायण' लिहून, कागदपत्रांच्या आधारे, या प्रचारातील एकेक दाव्याचा समाचार घेतला. हे उत्तर शक्य झाले ते मूळ म्हणणे उघड्यावर होते म्हणून. बंदी घातलेल्या पुस्तकाचे खंडन करता येत नाही. त्याच्याविषयी फक्त कुजबुज करता येते. आणि कुजबुजीत लेखक नेहमी हुतात्मा ठरतो.

आता कोणी म्हणेल, 'द्वेष पसरवणाऱ्यालाच तेवढा कायदा लावा. सज्जनांनी भिण्याचे कारण नाही.' या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. आपल्या दंडविधानात 'द्वेष' हा शब्द राजद्रोहाच्या कलमात आला तो १८९८ साली, आणि वर्गावर्गांत वैर वाढवण्याचे १५३-अ हे कलमही त्याच वर्षी घालण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला होता, हा काही योगायोग नव्हे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती राजद्रोहासाठी. परंतु त्याच खटल्यात १५३-अ खाली त्यांना एक हजार रुपये दंडही झाला. इंग्रज सरकारच्या लेखी 'केसरी'कार हेच द्वेष पसरवणारे होते! आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत १९६ या क्रमांकाने आहे. कलम तेच असते, फक्त ते हाती धरणारे बदलतात.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून पाहा. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक लिहिले. त्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जी भाषा वापरली आहे ती आज वाचतानाही कानांना बोचते. टिळकांना जाऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. पुण्यात बदनामीचा खटला झाला. जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्या. अपिलात त्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आणि १९२६ साली सर्वजण सुटले. मृत व्यक्तीची बदनामी हा गुन्हा ठरायचा, तर तिच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा हेतू असावा लागतो, असे कायदा सांगतो. एखाद्या थोर पुरुषावर सगळ्या समाजाची भक्ती असली तरी सगळा समाज त्याचा कायदेशीर वारस होत नाही. आणि शिक्षेतून सुटलेले जेधे पुढे काँग्रेसमध्ये गेले. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ती संघटना नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तुरुंगात घालून जे साधले नसते ते काळाने आणि वादविवादाने साधले.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल, की बाबासाहेबांना ब्राह्मणेतर चळवळीविषयी आपुलकी होती. त्यांनी काही शत्रूचा बचाव केला नाही. हे मान्य. शत्रूच्या बचावाचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेकडे पाहावे लागेल. शिकागोजवळच्या स्कोकी गावात, जेथे हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत होते, तेथे १९७७ साली मूठभर नाझींना मिरवणूक काढायची होती. त्यांचा हक्क न्यायालयात लढवला तो नागरी स्वातंत्र्याच्या एका संघटनेने. आणि तिचे प्रमुख होते एरिए नायर, बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बालपणी नाझींपासून पळून आलेले ज्यू. संघटनेचे हजारो सभासद सोडून गेले. नाझी खटला जिंकले, पण स्कोकीत मिरवणूक निघालीच नाही. त्यांनी शिकागोतच सभा घेतल्या आणि प्रकरण संपले. नायर यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जो दुबळा आहे त्यालाच सत्तेवर मर्यादा घालणारा कायदा अधिक लागतो. आज नाझींचे तोंड बंद करणारा अधिकार उद्या ज्यूंचेही करील.

बाबासाहेबांच्या आयुष्यात तर हे तत्त्व प्रत्यक्ष उतरलेले दिसते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि भाषणातील मते न सोसल्यामुळे अधिवेशनच रद्द केले. ते भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापले. १९८७ साली महाराष्ट्र सरकारने त्यांचे 'रिडल्स' प्रसिद्ध केले, तेव्हा हिंदूंच्या भावना दुखावल्या म्हणून ते प्रकरण गाळावे अशी मागणी उठली, दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. शेवटी 'या मतांशी सरकार सहमत असेलच असे नाही' अशा आशयाच्या टिपेवर समेट झाला. पुस्तक राहिले. तात्पर्य, 'भावना दुखावणारे बोलणे बंद करा' हा नियम केला तर त्याची पहिली झळ समाजसुधारकालाच लागते. कारण ज्यांच्या भावना दुखावल्याची दखल घेतली जाते ते बहुधा संख्येने मोठे आणि हाताने बळकट असतात.

मग मर्यादा काहीच नाही काय? आहे, आणि ती घटनेतच आहे. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाचा, दुसरा दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'चा. दोघांचे विचार एकमेकांच्या नेमके उलट. पण दोघांवरील सरकारी बंधने एकाच तत्त्वाने रद्द झाली. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने एकोणिसाव्या कलमात सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणे आली. त्याचबरोबर 'वाजवी' हा शब्दही आला. म्हणजे बंधन घालता येते, पण ते वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासणार.

वाजवी कशाला म्हणावे, हे १९८९ साली रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका दृष्टांताने सांगितले. बोलणे आणि त्यातून होणारा अनर्थ यांचा संबंध दारूच्या कोठारातील ठिणगीइतका जवळचा आणि अटळ असला पाहिजे. दूरची, तर्काने लावलेली भीती पुरत नाही. जवाहरनगरच्या श्रोत्यांपुढे हा दृष्टांत मी जपूनच वापरतो. येथील आयुधनिर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगार गेले. ठिणगी म्हणजे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. पण म्हणूनच हा दृष्टांत तुम्हांला अधिक नेमका कळेल. निर्माणीच्या दाराशी आगकाडी अडवतात, कारण आत दारू आहे. तेवढ्यावरून कोणी साऱ्या जिल्ह्यातील चुली विझवीत नाही. जमाव काठ्या घेऊन एका घरासमोर उभा असताना 'पाहता काय, पेटवा!' म्हणणारा मनुष्य मत मांडीत नसतो. तो गुन्हा करीत असतो. त्याला तेथेच धरले पाहिजे. पण तोच मनुष्य सभेत उभा राहून एखाद्या समाजाविषयी आपले ओंगळ मत सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला विचार करायला आणि उत्तर द्यायला वेळ असतो. गोडसे निकालाच्या दोनच महिने आधी, जून १९६९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या एका पुढाऱ्याच्या खटल्यात, तात्काळ घडणाऱ्या गुन्ह्याला चिथावणी हीच रेषा आखली.

तथापि या रेषेने सर्व प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. दंगल न होताही अपमान होतो. आपल्या जातीचे नाव शिवीसारखे ऐकत वाढलेल्या मुलाला 'तू उत्तर दे' असे सांगणे सोपे. पण उत्तर द्यायला ज्याला व्यासपीठच नाही त्याने काय करावे? म्हणून मत आणि माणूस यांत भेद करावा लागतो. चारचौघांत अनुसूचित जाती-जमातीच्या एखाद्या व्यक्तीचा जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावाच. धमकी, एखाद्याच्या पाठीस लागून छळणे, बहिष्काराची हाक, ही मते नव्हेत. ती कृत्ये आहेत. स्वातंत्र्य मागायचे ते मतासाठी, दुसऱ्याच्या गळ्यावर ठेवलेल्या हातासाठी नव्हे.

उरते ते आपले कर्तव्य. द्वेष्ट्याला बोलण्याचा हक्क आहे म्हणजे त्याला आपण हार घालावा असे नाही. त्याला निमंत्रण न देणे, त्याच्या सभेतून उठून जाणे, शेजारी दुसरी सभा भरवणे, हा आपलाही हक्क आहे. मात्र त्याची सभा उधळणे हा नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि शतकभर जपलेल्या संग्रहाची नासधूस झाली. ज्या पुस्तकाचा राग होता ते पुस्तक तेथे लिहिलेलेही नव्हते. त्यावरील बंदी पुढे न्यायालयाने रद्द केली, पण फाटलेली पाने काही न्यायालयाला जोडता आली नाहीत.

१९५४ साली बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला त्यांनाही येथल्या मतदाराने 'नाही' म्हटले, आणि त्यांनी तो निकाल मानला. विरोधी मताला उत्तर देण्याचा हा मार्ग आहे: बोलावे, बोलू द्यावे, मते मोजावी, आणि पुन्हा बोलावे. तो संथ आहे, कधीकधी फार क्लेशकारक आहे. पण ज्या गावात द्वेष्ट्याला उघडपणे बोलता येते आणि त्याच चौकात त्याच्या बळीलाही न भिता उत्तर देता येते, त्या गावात खैरलांजी घडणे अवघड होते. यांतला दुसरा भाग जोवर खरा नाही तोवर पहिल्याचा अभिमान अर्धाच राहील. तो पुरा करणे कायद्याच्या हाती थोडे आणि आपल्या हाती पुष्कळ आहे.