ताट आणि काटा

रेल्वे स्थानकाच्या फलाटावर पूर्वी हमखास आढळणारे वजनाचे यंत्र ही एका पिढीची आवडती करमणूक होती. यंत्रावर उभे राहायचे, आतले चक्र फिरायचे थांबेपर्यंत वाट पाहायची आणि फटीत नाणे सरकवायचे. खट्ट आवाज होऊन जाड कागदाचे तिकीट हाती पडे. त्यावर वजनाचा आकडा आणि त्याच्या जोडीला भविष्याचे एखादे वाक्य छापलेले असे. लोक ते भविष्य मोठ्याने वाचत, हसत आणि गाडी आली की तिकीट खिशात कोंबून निघून जात. आता ते यंत्र घरात आले आहे. न्हाणीघराच्या दाराशी काचेचा सपाट काटा ठेवलेला असतो. त्यावर भविष्य छापलेले नसते; परंतु आकड्यालाच भविष्य मानण्याची रीत मात्र पडून गेली आहे.

दिवसाचा पहिला चहा होण्याआधी माणूस या काट्यावर चढतो. आकडा पाव किलोने उतरलेला असला तर आदल्या दिवशीचा संयम फळाला आला असे त्याला वाटते. अर्ध्या किलोने चढलेला असला तर आपण आळशी, हावरट आणि निश्चयाला कच्चे आहोत, असा निकाल तो स्वतःवर लावून घेतो. वजनाचे मोजमाप अशा रीतीने चारित्र्याचे मोजमाप होऊन बसते. खाण्याच्या सवयी सुधारू पाहणाऱ्या अनेकांचा प्रयत्न या निकालापाशीच संपतो. म्हणूनच हा विषय वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

आहार बदलण्याची गरज नाही असे कोणीच म्हणणार नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचा अंदाज वर्तविला. बैठे काम, गोड चहाच्या फेऱ्या, तळलेले पदार्थ आणि ताटातून आक्रसत चाललेली भाजी यांचा हा एकत्रित परिणाम आहे. तेव्हा ताट बदलले पाहिजे, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, तो बदल नीट चालला आहे की नाही, हे विचारायचे कोणाला?

हा प्रश्न नेटाने काट्यालाच विचारणारा एक वैद्य इटलीत होऊन गेला. पादुआ येथील सांतोरिओ याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून सुमारे तीस वर्षे स्वतःचे वजन, खाल्लेल्या अन्नाचे व पाण्याचे वजन आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्या मलमूत्राचे वजन यांची नोंद ठेवली. १६१४ साली त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. दिवसभरात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यापैकी सुमारे पाच पौंड त्वचेवाटे आणि श्वासावाटे नकळत निघून जातात, असे त्याचे म्हणणे होते. आज त्याचे सारेच विचार मान्य होणार नाहीत. तथापि शरीराचे वजन ही स्थिर वस्तू नसून ती क्षणोक्षणी बदलत असते, हे तराजूच्या या निष्ठावंत उपासकानेच दाखवून दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आधुनिक शरीरशास्त्र हेच अधिक नेमकेपणाने सांगते. एक लिटर पाणी प्यायले की काट्यावर एक किलो वाढते. जेवणात मीठ जास्त पडले की शरीर पाणी धरून ठेवते. मासिक पाळीच्या आसपास अनेक स्त्रियांचे वजन चढते आणि आपोआप उतरते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठविलेले असते. माणूस एकाएकी कमी खाऊ लागला की हा साठा प्रथम खर्च होतो आणि पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याचा जो आनंद होतो, तो बव्हंशी पाण्याचा असतो. चरबीचा हिशेब वेगळाच आहे. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. दोन कप गोड चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटे यांतून सुमारे २५० कॅलरी मिळतात. तेवढे रोज कमी केले तर एक किलो चरबी घटण्यास महिना लागतो. म्हणजे दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम. ज्या शरीराचे वजन पाण्यामुळे आणि पोटातील अन्नामुळे दिवसात एक-दीड किलो सहज हेलकावते, त्यात हे ३० ग्रॅम रोज सकाळी शोधणे म्हणजे भरतीच्या लाटांत ओंजळभर पाणी शोधण्यासारखे आहे. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी दिसणारा एक किलोही असाच बहुतांशी पाण्याचा, मिठाचा आणि न पचलेल्या अन्नाचा असतो. एका जेवणात ७,७०० कॅलरी अधिक खाणे कोणत्याही वऱ्हाड्याला सहजासहजी साधणारे नाही.

हा हिशेब ठाऊक नसल्याने काय घडते, हे कोणत्याही कचेरीत पाहावयास मिळते. चाळिशीतील एखाद्या कारकुनाला तपासणीत साखर सीमारेषेवर असल्याचे कळते. तो चहातील साखर सोडतो, रात्रीचा भात निम्म्यावर आणतो, डब्यात उसळ आणि कोशिंबीर नेऊ लागतो, मधल्या वेळची शेव बंद करतो. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि ती वार्ता साऱ्या विभागात पसरते. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो. चौथ्या आठवड्यात घरात सण येतो आणि काटा किलोभर चढतो. ‘एवढे करूनही उपयोग नाही’ असे म्हणून गृहस्थ शेवेचा डबा पुन्हा उघडतात. वस्तुतः त्यांचा आहार फसलेला नसतो. फसलेले असते ते माप.

काटा न हलताही लाभ होतो, हे केवळ सांत्वन नव्हे. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला देण्यात आला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांनी आहार आणि चालणे-फिरणे यांत बदल केला व टिकविला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. धोका चतुर्थांशाहून अधिक कमी झाला आणि तोही वजनात लक्षणीय घट झालेली नसताना! यांपैकी कोणी रोजच्या काट्याचा कौल मानून पहिल्या महिन्यातच नाद सोडला असता तर हा लाभ त्याच्या पदरी पडला नसता.

उंचीच्या प्रमाणात वजन काढण्याचे जे कोष्टक दवाखान्याच्या भिंतीवर लावलेले असते, त्याची कथाही उद्बोधक आहे. बेल्जियमचा केतले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘सरासरी मनुष्या’चा शोध घेताना त्याने वजन आणि उंचीचा वर्ग यांचे गुणोत्तर मांडले. ते समूहाच्या अभ्यासासाठी होते, एकेका रोग्याच्या परीक्षेसाठी नव्हते. १९७२ साली अमेरिकेतील अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्याची मर्यादा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मोठ्या मार्मिक रीतीने दाखविली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनी आपलेच एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ पण आतून मेदयुक्त, ही भारतीय शरीराची ठेवण त्यातून स्पष्ट झाली. आकड्याने नापास केलेला माणूस जसा निराश होतो, तसा आकड्याने पास केलेला माणूस गाफील राहतो. दोन्ही चुका सारख्याच महागात पडतात.

शिक्षकांना हा न्याय नवीन वाटू नये. जी शाळा विद्यार्थ्याची रोज परीक्षा घेते, तिला शिकविण्यास वेळ उरत नाही आणि विद्यार्थीही हळूहळू विषयाऐवजी गुणांचाच अभ्यास करू लागतो. काट्याचे तसेच होते. उद्या सकाळी आकडा उतरावा म्हणून माणूस रात्रीचे जेवण टाळतो, पाणी कमी पितो, दोन दिवस फळांवर राहतो. आणि तिसऱ्या दिवशी भुकेने व्याकूळ होऊन दुप्पट खातो. हे त्याच्या चारित्र्याचे वैगुण्य नव्हे. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे याच अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षण केले, तेव्हा त्या तरुणांना अन्नावाचून दुसरे काही सुचेनासे झाले. काही जण तर पाकक्रियेची पुस्तके वाचत बसत. उपाशी शरीर मनाला अन्नाभोवतीच फिरविते. आकड्यासाठी केलेली उपासमार सवय घडवीत नाही. ती असलेली सवयही मोडते.

येथे काट्यावर अन्याय होऊ नये. हृदयाची शक्ती क्षीण झालेल्या रोग्याचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर शरीरात पाणी साचत असल्याची ती सूचना असते. त्याने रोज वजन पाहिलेच पाहिजे. डायलिसिसवर असलेल्यांची, गर्भवतींची आणि अंगणवाडीतील बालकांची गोष्टही तशीच. विनाकारण झपाट्याने घटणारे वजन हेही दुखण्याचे चिन्ह असू शकते. नियमाने वजन पाहिल्यामुळे ताळतंत्र राहते, असा अनुभव असणारेही पुष्कळ आहेत. ज्याला आकडा पाहून राग वा लाज येत नाही, त्याने तो अवश्य पाहावा. तक्रार मोजण्याविषयी नसून वेडाविषयी आहे. काटा साक्षीदार म्हणून बोलावयाचा. त्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवायचे नाही.

मग मोजायचे काय? जे आपल्या हाती आहे ते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसभराच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा आणि साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असे सांगितले आहे. कचेरीतील चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच ही मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा आज किती कप गोड चहा झाला, ताटात भाजी किती होती, तेलाचा डबा या महिन्यात किती दिवस पुरला, जेवण झाल्यावर पाय मोकळे केले की नाही, हे प्रश्न काट्याच्या आकड्याहून अधिक उपयोगी आहेत. कारण त्यांची उत्तरे बदलणे माणसाच्या स्वाधीन असते. फळ पाहायचेच तर दोन-तीन महिन्यांनी शिंप्याच्या टेपने कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते. साखरेचा धोका असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याने तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्ततपासणी करावी. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, झोप नीट लागू लागली, हेही लहान पुरावे नव्हेत.

आणखी एक गोष्ट घरातील आहे. एकाने काट्याच्या धाकाने वेगळे खायचे आणि इतरांनी नेहमीचेच खायचे, असा प्रकार फार दिवस चालत नाही. त्याचा भारही बहुधा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीवर पडतो: एकासाठी भाकरी, दुसऱ्यासाठी पुरी, आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला उरलेसुरले. घरातील मुलगी आईला रोज काट्यावर चढून कपाळाला हात लावताना पाहते आणि आपल्याही शरीराकडे त्याच नजरेने पाहू लागते. शाळेत ‘जाड्या’ म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या मुलाला काट्याचा निकाल तर भर वर्गात ऐकावा लागतो. सर्वांच्याच ताटात भाजी वाढली आणि सर्वांच्याच चहात साखर घटली, तर कोणा एकाला पथ्यावर असल्यासारखे वाटणार नाही आणि त्या बदलाची हळूहळू सवय होईल.

कर्मावर लक्ष ठेवावे, फळावर नव्हे, असा उपदेश ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला, त्याने रोज सकाळी फळाचे वजन करीत बसावे, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे. फलाटावरचा तो जुना प्रवासी या बाबतीत अधिक शहाणा होता. त्याने आकडा पाहिला, भविष्य वाचले, आणि गाडी येताच दोन्ही खिशात टाकून तो आपल्या प्रवासाला लागला.