बाळहिरडा : आपल्या कातळावरचा, चिन्यांच्या घशातला

उन्हाळा तापू लागला की तळेघर, आहुप्यापासून थेट जुन्नरच्या आंबोलीपर्यंत घरातली लहानथोर मंडळी हिरड्याच्या झाडाखाली दिसतात. कोवळी फळं झोडायची, वेचायची अन् कातळावर वाळत घालायची. वाळून काळीठिक्कर पडली की झाला बाळहिरडा. भीमाशंकरच्या डोंगरातल्या महादेव कोळी कुटुंबांचा बी-बियाणाचा अन् पोरांच्या वह्यापुस्तकांचा खर्च बराचसा या पैशातून निघतो. नुसत्या भातावर भागत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

हाच हिरडा चिनी वैद्यकातही मानाचा आहे. थांग राजवटीत इ. स. 659 मध्ये तयार झालेल्या सरकारी औषधग्रंथात त्याची नोंद आहे. त्याचं जुनं चिनी नाव ‘हेलीले’. आपली ‘हरीतकी’ अन् फारसी ‘हलीला’ यांच्याच कुळातलं. म्हणजे फळ गेलं, सोबत नावही गेलं!

चिनी वैद्य पिकलेला हिरडा जुनाट जुलाब, जुना खोकला अन् बसलेला आवाज यांवर देतात. घशासाठी कच्चा, जुलाबासाठी कणकेत गुंडाळून भाजलेला. कोवळ्या फळाला तिकडे ‘तिबेटचे हिरवे फळ’ असंही म्हणतात. ते खास घशासाठी. आपला बाळहिरडा तो हाच. आपल्याकडे मात्र हिरडा म्हटलं की पोट साफ करणं, असंच डोक्यात बसलंय. तसं आयुर्वेदातही वाटलेला हिरडा पोट साफ करतो अन् वाफवलेला जुलाब बांधतो, असं मानतात. हिरड्यात टॅनिन भरपूर. कातडं कमावायला उपयोगी पडतो तो हाच तुरटपणा.

पण म्हणून कुणी उठून स्वतःच वैद्य होऊ नये. नव्या तापा-खोकल्यात हिरडा देऊ नये, असं चिनी वैद्यही सांगतात. गरोदर बाईला आपले वैद्य देत नाहीत. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी अन् औषध दोन्ही फुकट आहे. हिरडा चघळत महिना घालवला तर घरातल्या बाकीच्यांनाही लागण व्हायची.

आता मालाबद्दल. पोटात जाणारी वस्तू रस्त्याच्या धुळीत वाळवणं बरं नव्हे. खाली ताडपत्री घाला, रात्री झाका. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी आलीच, मग व्यापारी भाव पाडायला मोकळा. वजन वाढवायला मुद्दाम ओला ठेवणारेही आहेत, त्यांच्यापायी सगळ्यांचाच माल बदनाम होतो. हिरडा 2013 साली आलेल्या केंद्राच्या गौण वनोपज आधारभूत किंमत योजनेत आहे. विकण्याआधी आदिवासी विकास महामंडळाचा चालू दर विचारून घ्या.

झोडताना फांद्या मोडू नका. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात हिरड्याचं केवढं नुकसान झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय. आणखी एक, सगळंच फळ कोवळं उतरवू नका. त्रिफळ्याला पिकलेलं लागतं, चिन्यांच्या जुलाबाच्या औषधालाही तेच. बांधावरच्या दोन झाडांची फळं दिवाळीनंतरपर्यंत राहू द्या. रोपांसाठी बीही त्यातूनच मिळेल.