गावची एसटी फेरी बंद का होते, आणि ती परत कशी मागायची?

सकाळी सातची गाडी आली नाही, तर गावात काय होतं हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कॉलेजला जाणाऱ्या पोरी फाट्यावर ताटकळतात. सरकारी दवाखान्यात तारीख असलेली म्हातारी माणसं घरी परततात. ज्यांना जावंच लागतं ते दहा जणांच्या जीपमध्ये सतरावे-अठरावे होऊन बसतात. दोन-चार महिने असं चाललं की एखाद्या घरात निर्णय होतो, "राहू दे, बारावी झाली तेवढं बास." फेरी बंद होणं ही आगाराच्या वहीत एक ओळ असते. गावात मात्र एखाद्या मुलीचं शिक्षण तिथंच थांबतं.

भारमान म्हणजे काय?

फेरी चालू ठेवायची की नाही, हे ठरवताना आगारात पहिल्यांदा 'भारमान' बघतात. गाडीच्या एकूण जागांपैकी किती भरल्या, त्याची ही टक्केवारी. ४४ जागांच्या गाडीत सरासरी २२ प्रवासी असतील तर भारमान ५० टक्के.

खेड्यातल्या फेरीचं गणित इथंच बिघडतं. सकाळी गावातून तालुक्याला जाणारी गाडी उभं राहायला जागा नाही इतकी भरते. तीच गाडी गावाकडे येताना जवळपास रिकामी असते. संध्याकाळी उलटं. कागदावर दोन्हीची सरासरी निघते आणि फेरी 'तोट्याची' ठरते. त्यात गाडी दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी नाही, असं सुरू झालं की लोकांचा भरवसा उडतो. लोक वडापकडे वळतात, भारमान आणखी घसरतं आणि फेरी बंद करायला कारण मिळतं.

गाडी भरलेली, मग पैसे कुठे गेले?

एसटीत आज अनेकांना सवलत आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच तिकीट लागतं. विद्यार्थ्यांना पासात मोठी सवलत आहे, तर ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो.

एक साधा हिशेब करू. समजा, गाव ते तालुका पूर्ण तिकीट ३० रुपये आहे आणि गाडीत ४० जण आहेत. १० पुरुषांचे ३०० रुपये. १५ महिलांचे अर्ध्या तिकिटाने २२५. पंच्याहत्तरी ओलांडलेले ५ जण आणि पासवाल्या १० मुली, त्यांचे शून्य. वाहकाच्या हातात आले ५२५ रुपये. पूर्ण तिकिटाने १,२०० झाले असते. उरलेले ६७५ रुपये राज्य सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. याला 'प्रतिपूर्ती' म्हणतात.

सवलती योग्यच आहेत. अर्ध्या तिकिटामुळे कितीतरी बाया बाजाराला, दवाखान्याला स्वतःच्या हिमतीवर जाऊ लागल्या. पण हे पैसे उशिरा आले किंवा कमी आले, की डिझेल, टायर, सुटे भाग आणि पगार यांची ओढाताण होते. त्यात एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे. महामार्गावर टोल वेगळा. वडापवाल्याला यातलं फारसं काही लागत नाही.

महामंडळाचा संचित तोटा आता १० हजार कोटींच्या पुढे गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पण नुसती भाडेवाढ करून हे भोक बुजत नाही, उलट पूर्ण तिकीटवाला प्रवासी दुचाकीकडे जातो. रस्ता, शाळा, दवाखाना नफ्यावर तोलत नाहीत. मग दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी तरी नफ्यावर का तोलावी, हा खरा प्रश्न आहे. खेड्यातल्या फेऱ्यांसाठी बजेटमध्ये वेगळी आणि वेळेवर मिळणारी तरतूद हवी.

गाड्याच कमी, त्याही जुन्या

१ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही एसटीची पहिली गाडी धावली. 'गाव तिथे एसटी' हे वाक्य पुढे पिढ्यान्‌पिढ्या खरं ठरलं. कोविडच्या आधी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. नंतर तो आकडा १५ हजारांच्या आसपास आला. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या, पण नव्या तेवढ्या आल्या नाहीत. २०२१-२२ च्या पाच महिन्यांहून लांबलेल्या संपात बंद पडलेल्या कितीतरी ग्रामीण फेऱ्या नंतर सुरूच झाल्या नाहीत.

गाडी कमी पडली की आगार आधी लांब पल्ल्याची, चांगलं उत्पन्न देणारी फेरी वाचवतं. कात्री लागते ती वाडी-वस्तीच्या फेरीला. १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावरच 'शिवाई' ही विजेवरची गाडी सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण नवी गाडी शहराला आणि तिथली जुनी झालेली गाडी खेड्याला, ही रीत बदलली पाहिजे. अरुंद रस्त्याच्या गावांना लहान गाड्या द्याव्यात. गाडी कुठवर आली ते मोबाईलवर नीट दिसलं, तर फाट्यावर तासभर उभं राहणं वाचेल.

सुरक्षा म्हणजे फक्त ब्रेक नव्हे

२५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर राज्यभर स्थानकांची सुरक्षा आणि आवारात पडून असलेल्या भंगार गाड्यांचा विषय पुढे आला. तालुक्याच्या स्थानकाला हाच नियम लावून बघा. रात्री दिवे लागतात का? सुरक्षारक्षक असतो का? महिलांचं स्वच्छतागृह उघडं असतं का? अडचणीत ११२ नंबर लावता येतो, पण उजेड आणि माणूस आधी हवा.

अपघाताबाबत एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. २०१६ पासून तिकिटामागे १ रुपया अपघात सहायता निधीसाठी घेतला जातो. एसटीच्या अपघातात प्रवासी दगावला तर वारसाला १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. खच्चून भरलेल्या वडापमध्ये हा आधार नसतो.

गावाने काय करायचं?

१. तिकीट घ्याच. ७५ वर्षांवरील प्रवाशांनीही शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्यावं. मशीनमध्ये नोंद नाही म्हणजे कागदावर प्रवासी नाही.

२. ग्रामसभेत ठराव करा. 'एसटी सुरू करावी' एवढं मोघम लिहू नका. कोणती वेळ, किती विद्यार्थी, बाजाराचा वार कोणता, हे आकड्यांसह लिहा. मुख्याध्यापकांकडून पासधारक मुलामुलींची यादी जोडा. दोन-तीन शेजारच्या गावांनी मिळून अर्ज केला तर भारमानाचा मुद्दाच निकालात निघतो.

३. अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना द्या. आवक नंबर आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

४. रस्ता तपासा. खड्डे, वाकलेली झाडं, गाडी वळवायला जागा नाही, ही फेरी बंद होण्याची नेहमीची कारणं. तो विषय ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा बांधकाम विभागाचा असेल तर तिथे वेगळं पत्र द्या.

५. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार वापरा. १० रुपयांच्या अर्जात आपल्या फेरीचं वर्षभराचं भारमान आणि रद्द झालेल्या दिवसांच्या तारखा मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गाडी किती दिवस आलीच नव्हती हे हातात आलं, की 'प्रवासीच नाहीत' या उत्तराला जागा राहत नाही.

फेरी परत सुरू झाली, तर पहिले दोन-तीन महिने महत्त्वाचे. त्या काळात गाव एसटीनेच गेलं पाहिजे. आणि पुढच्या वेळी मतं मागायला कुणी पारावर आलं, की रस्ता-गटारीसोबत सकाळी सातच्या गाडीचंही विचारायचं.